अजिंक्यपदाचा खरा दावेदार कोण?

श्रोतेहो, पारावर जुन्या कुस्त्यांच्या गोष्टी निघाल्या की कोणी तरी म्हणतोच, "अहो, मल्ल खरा तोच होता, त्या दिवशी पाय घसरला एवढंच!" इंग्लंडात असाच वाद फुटबॉलवरून चालतो. अजिंक्यपद हुकलेला संघ खरोखर दावेदार होता, की नुसताच गाजला?

आधी रीत समजून घेऊ. तिथल्या वरच्या व्यावसायिक साखळीत २० संघ असतात. प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्याच्या. असे ३८ सामने. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. अंतिम सामना नाही. गुण जास्त, तो अजिंक्य.

१९९५-९६ साली न्यूकॅसल युनायटेड जानेवारीत १२ गुणांनी पुढे होता. शेवटी मँचेस्टर युनायटेडला ८२ गुण मिळाले, न्यूकॅसलला ७८. लोक म्हणू लागले, "चढाई जोरदार, पण बचाव ढिला." आता आकडे बघा. न्यूकॅसलवर गोल झाले ३७, मँचेस्टरवर ३५. फरक दोनाचाच! न्यूकॅसलने केलेले गोल मात्र ६६ आणि मँचेस्टरचे ७३. म्हणजे जिथे नाव झाले, तिथेच तो कमी पडला.

मग दावा खोटा का? नाही. ४ मार्च १९९६ रोजी न्यूकॅसल आपल्याच मैदानावर मँचेस्टरकडून ०-१ असा हरला, गोल कांतोनाचा. हा एकच निकाल उलटा धरा. न्यूकॅसलचे होतात ८१, मँचेस्टरचे ७९! शिवाय ५ मेच्या शेवटच्या दिवसापर्यंत त्याची आशा जिवंत होती. हा दावेदार खराच.

आता २०१५-१६ घ्या. लेस्टर सिटी ८१ गुणांनी अजिंक्य. टॉटनहॅम ७० गुणांवर तिसरा. गोलांत टॉटनहॅम सरस: केले ६९, झाले ३५. लेस्टरचे ६८ आणि ३६. पण लेस्टरचे विजय २३, टॉटनहॅमचे १९. एका दिवशी गोलांची रास घातली तरी गुण तीनच, बरं का! १३ जानेवारी २०१६ रोजी लेस्टरने टॉटनहॅमला त्याच्या मैदानावर १-० ने हरवले. तो निकाल उलटवला तरी हिशेब ७३ विरुद्ध ७८ असाच राहतो. संघ उत्तम, पण दावा तेवढा भक्कम नाही.

एक निकाल बदलला असता तर पुढचे सामनेही निराळे झाले असते, हे खरे. तरी ही कसोटी वाद ताळ्यावर आणते. शिक्षकबंधूंनी हे आकडे फळ्यावर मांडावेत आणि मुलांना निवाडा करू द्यावा. हरलेल्याची आठवण दंतकथेवर सोडू नये. त्याने मिळवलेले आणि गमावलेले, दोन्ही नीट मोजावे. हरलेल्यालाही न्याय हवाच.