शंभर वेळा डंबेल उचलले. चरबी गेली कोठे?

अकरावीच्या वर्गात ‘कार्य आणि ऊर्जा’ हे प्रकरण चालू होते. बल गुणिले विस्थापन म्हणजे कार्य, एवढे फळ्यावर लिहून झाले आणि मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला. “सर, जड वजन दहा वेळा उचलले की दंड भरतात आणि हलके वजन शंभर वेळा उचलले की चरबी वितळते, असे व्यायामशाळेत सांगतात. खरे आहे का?”

वर्गात हशा पिकला. तास संपल्यावर तो मुलगा मला भेटला. महिनाभर तो रोज शंभर-शंभर वेळा डंबेल उचलत होता आणि पोटाचे व्यायाम करत होता. शिवाय रात्रीचे जेवणही त्याने सोडले होते. सकाळच्या प्रात्यक्षिकाला त्याला भोवळ येई. मग मला हसू आले नाही. आम्ही दोघांनी कागद-पेन्सिल घेऊन त्याच्या प्रश्नाचे उत्तर काढले. विद्यार्थी मित्रांनो, तेच येथे देत आहे.

हिशेब जूलमध्ये

प्रत्येक हातात ३ किलोग्रॅमचे डंबेल, म्हणजे एकूण वस्तुमान ६ किलोग्रॅम. मांडीपासून खांद्यापर्यंत ते सुमारे अर्धा मीटर वर जाते. गुरुत्व त्वरण ९.८ धरले, तर एका वेळचे कार्य ६ × ९.८ × ०.५ = २९.४ जूल. शंभर वेळचे २९४० जूल. एक किलोकॅलरी म्हणजे ४१८४ जूल. तेव्हा हे कार्य झाले जेमतेम ०.७ किलोकॅलरी!

पण आपले स्नायू काही आदर्श यंत्रे नाहीत. त्यांची कार्यक्षमता सुमारे २५ टक्के असते. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. म्हणून खर्च चौपट, २.८ किलोकॅलरी. डंबेल सावकाश खाली आणतानाही थोडी ऊर्जा लागते. ती धरून ढोबळ मानाने ४ किलोकॅलरी म्हणू.

आता दुसरी बाजू पाहा. चहाचा एक चमचा साखर, म्हणजे ५ ग्रॅम, सुमारे २० किलोकॅलरी देते. आणि शरीरातील एक किलोग्रॅम चरबीत सुमारे ७७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. रोज ४ प्रमाणे भागून पाहा. १९२५ दिवस, म्हणजे पाच वर्षांहून अधिक! आपला अंदाज निम्मा चुकला असे समजून खर्च दुप्पट धरला, तरी अडीच वर्षे लागतीलच.

जड आणि हलक्या वजनाचे काय? ६ किलोग्रॅम शंभर वेळा आणि ६० किलोग्रॅम दहा वेळा तेवढ्याच उंचीवर नेले, तर कार्य सारखेच. आवर्तनांच्या आकड्यात जादू नाही.

नुसते धरून ठेवले तर?

येथे एखादा चाणाक्ष वाचक म्हणेल, “डंबेल हात लांब करून नुसते धरले, तर विस्थापन शून्य, म्हणून कार्यही शून्य. मग हात का थरथरतो?” शंका योग्य आहे. स्नायूतील सूक्ष्म तंतू एकमेकांना पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात. प्रत्येक पकडीला ‘एटीपी’ नावाचे रासायनिक इंधन खर्ची पडते. बाहेर कार्य दिसत नाही. आत उष्णता निर्माण होते. म्हणून शास्त्रज्ञ खरा खर्च मोजतात तो श्वासातील ऑक्सिजनवरून. शरीराने एक लिटर ऑक्सिजन वापरला, तर सुमारे ५ किलोकॅलरी खर्च झाल्या असे समजतात.

पोटाच्या व्यायामाने पोटच का उतरत नाही?

चरबी ही त्या त्या स्नायूच्या खिशातली शिदोरी नव्हे. ती साऱ्या शरीराची सामाईक ठेव आहे. ऊर्जेची गरज भासली की अ‍ॅड्रेनलीनसारखी संप्रेरके रक्तातून संदेश नेतात. चरबीच्या पेशींतून मेदाम्ले रक्तात उतरतात आणि जो स्नायू काम करीत असेल त्याला मिळतात. ती पोटावरून आली की पाठीवरून, हे तो स्नायू ठरवत नाही. १९७१ साली अमेरिकेत टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजण्यात आले. खेळणाऱ्या हाताचे स्नायू मोठे होते. पण त्वचेखालची चरबी दोन्ही हातांना जवळजवळ सारखीच होती.

चरबीची राख

चरबी ‘वितळून’ घामावाटे जाते, असाही एक समज आहे. घामातून जाते ते पाणी आणि मीठ. अठराव्या शतकातच लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवले होते की श्वसन हे एक मंद ज्वलन आहे. चरबीचे ज्वलन झाले की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते. २०१४ साली ऑस्ट्रेलियातील मीरमन आणि ब्राउन यांनी हिशेब मांडला: १० किलोग्रॅम चरबी पूर्ण जळाली, तर ८.४ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि १.६ किलोग्रॅम पाणी होते. चरबीची ‘राख’ मुख्यतः नाकावाटे बाहेर पडते!

शाळेत एक प्रयोग करा. चुन्याची निवळी दोन परीक्षानळ्यांत सारखी घ्या. एकीत स्वस्थ बसून, दुसरीत वीस बैठका मारून लगेच, नळीने हळूच फुंका (ओढू नका!). कोणती आधी दुधाळ होते, त्याची वेळ घड्याळावर पाहा.

मग वजने उचलावीत कशाला?

अवश्य उचलावीत, पण योग्य कारणासाठी. आहार फार तोडला की शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्च करते. वजनांचा व्यायाम स्नायू राखतो, हाडे बळकट करतो. दमछाक होईपर्यंत उचलले, तर हलक्या वजनानेही स्नायू जवळपास तितकेच वाढतात, असे अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे. ताकद मात्र जड वजनाने अधिक वाढते. वाढत्या वयात जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, पेलेल तेवढेच वजन घ्यावे. चरबीचा खर्च वाढवायचा, तर मोठे स्नायू बराच वेळ चालते ठेवावेत. ५० किलोग्रॅम वजनाचा मुलगा तासभर झपझप चालला, तर सुमारे १७५ किलोकॅलरी खर्च होतात. आणि जमेची बाजू सांभाळायची ती गोड पेये व तळलेले पदार्थ कमी करून. जेवण सोडून नव्हे.

तो विद्यार्थी आता संध्याकाळी मैदानावर खेळतो, आठवड्यातून तीनदा डंबेल उचलतो आणि रात्री भाकरी खातो. पोटाचा घेर किती उतरला, हे मी त्याला विचारले नाही. प्रात्यक्षिकाला मात्र तो ताठ उभा असतो.