दिवा आधी, भोक नंतर

विटा-आटपाडीच्या रस्त्याला रानात मधूनच एखादा दुमजली बंगला उभा दिसतो. घरचा कर्ता सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात दूर कुठेतरी परराज्यात. गावाकडच्या घरात मात्र हौसेला तोटा नाही. हॉलला फॉल सीलिंग, सीलिंगमध्ये गोल दिव्यांच्या रांगा. साताऱ्यात शाहूपुरी-गोडोलीच्या फ्लॅटांत, सांगलीत विश्रामबागच्या बंगल्यांत हेच चित्र. या प्रत्येक दिव्यामागे छताला पाडलेलं एक गोल भोक असतं, आणि ते कसं पाडलंय हे दिव्याची रिंग जरा खाली ओढली की कळतं. कडा कुरतडलेली, एका अंगाला दोन सूत जादा कापलेलं, फट झाकायला पुट्टीचा गोळा चेपलेला.

आपल्याकडे वायरमनची जुनी रीत साधी आहे. स्टीलचा डबा उलटा धरायचा, पेन्सिलीने गोल मारायचा आणि हॅक्सॉचं पातं चिंधीत गुंडाळून घासत बसायचं. हात सराईत असेल तर कामही बरं होतं. पण पंचविसावं भोक पाडताना मान अवघडलेली असते, डोळ्यांत पांढरा भुगा गेलेला असतो, आणि मग गोलाचं अंडं होतं. दुसरा उपाय होल सॉचा, म्हणजे दातेरी वाटीचा. तिचं काम चोख, पण एका वाटीचं एकच माप. तीन इंचांचा स्पॉट, चार इंचांचं पॅनेल, सहा इंचांचं पॅनेल अशी तीन मापं आली की तीन वाट्या घ्या.

ही अडचण ॲडजस्टेबल कटर सोडवतो. मधे छोटं बिट, त्याला आडवी पट्टी, पट्टीवर पुढेमागे सरकणारी दोन पाती आणि वर पारदर्शक प्लास्टिकचं टोपण. बऱ्याच कटरांचा पल्ला 40 ते 200 मिलिमीटर असतो. स्क्रू सैल करायचे, पाती हवी तिथे सरकवायची, पुन्हा आवळायचे. टोपणाचं काम दुहेरी आहे: भुगा अंगावर येऊ न देता आतच धरायचा आणि गरगरणारी पट्टी बोटांपासून लांब ठेवायची. बिनटोपणाचा, एकाच पात्याचा कटर स्वस्तात मिळतो. तो घेऊ नये. एका अंगाला वजन असल्यामुळे मशीन हातात थरथरतं आणि ती थरथर भोकाच्या काठावर उमटते.

कटर ज्यावर चालतो तो जिप्समचा बोर्ड साडेबारा मिलिमीटर जाड, म्हणजे आपल्या सुताराच्या हिशेबात चार सूत. सहा बाय चार फुटांची शीट येते. मधे जिप्सम, दोन्ही अंगांना कागद. देशातलं खनिज जिप्सम जवळपास सगळं राजस्थानातलं. त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा पाणी असतं, दगडात बांधलं गेलेलं. आग लागली की आधी हे पाणी वाफ होऊन निघतं आणि तेवढा वेळ बोर्ड ज्वाळा अडवून धरतो. म्हणून हॉस्पिटलच्या किंवा हॉटेलच्या अग्निरोधक सीलिंगला भोकं पाडताना वर आगरोधक टोपी लावावी लागते. घरात तेवढी काटेकोर गरज नसते. बोर्डाची ताकद बरीचशी कागदात असते, हे मात्र घरच्या कामातही लक्षात ठेवायचं. कागद फाटला की कड भुसभुशीत होते. दिव्याच्या स्प्रिंगच्या क्लिपा बोर्डाच्या वरच्या कडेवरच टेकतात. तिथला कागद उचकटला असेल तर दिवा काही महिन्यांत एका बाजूने लोंबू लागतो.

खरा घोळ मात्र कटर हातात घेण्याच्या आधीच झालेला असतो. साताऱ्यातल्या एका घरी ऐकलेलं वायरमन आणि घरच्या काकूंचं हे बोलणं बघा.

“काकू, लाइट आणल्यात का?”

“आणायच्यात अजून. तू भोकं पाडून ठेव की, सहा इंची घेणार आहोत.”

“सहा इंची म्हणजे बाहेरनं का कटआउट?”

काकूंकडे उत्तर नव्हतं, आणि असायचं कारणही नाही. खोक्यावर दोन मापं छापलेली असतात. एक दिव्याच्या बाहेरच्या रिंगचं, दुसरं छताला पाडायच्या भोकाचं. दुकानात दिवा पहिल्या मापाने मागतात, कटर लावायचा दुसऱ्याने. रिंग भोकाच्या कडेवर जेमतेम बोटाच्या जाडीएवढी चढते. चूक झाली तर ती झाकायला तेवढीच जागा. त्यातून एकाच वॅटच्या दिव्याचं कटआउट कंपनीगणिक बदलतं. त्यामुळे खोकं घरात आल्याशिवाय मशीनचं बटण दाबू नये. त्या वायरमनने घोडी मिटली आणि चहा घेऊन तो निघून गेला. माझ्या मते त्या दिवसाचं सगळ्यात चांगलं काम तेच.

पट्टीवर छापलेल्या आकड्यांवर फार विसंबू नये. काही कटरांवर व्यास छापलेला असतो, काहींवर त्रिज्या. वाचण्यात घोटाळा झाला तर भोक दुप्पट, नाहीतर निम्मं. दोन्ही पाती केंद्रापासून सारख्याच अंतरावर हवीत. एक जरा बाहेर राहिलं तर बोर्डावर एकात एक अशा दोन चऱ्या पडतात आणि मशीन उड्या मारतं. फूटपट्टीने एका पात्याच्या बाहेरच्या टोकापासून दुसऱ्याच्या बाहेरच्या टोकापर्यंत मोजावं आणि उरलेल्या तुकड्यावर एक भोक पाडून त्यात दिवा बसवून बघावा. सीलिंगवाला जाताना तुकडे कचऱ्यात टाकतो. दोनचार बाजूला काढून ठेवायला सांगावं.

मग वेग. साधं दहा मिलिमीटरचं ड्रिल मशीन मिनिटाला अडीच हजारांहून जास्त फेरे घेतं. सहा इंचांच्या भोकासाठी लावलेल्या पात्याचं टोक त्या वेगात ताशी 70 किलोमीटरच्या आसपास पळतं. दुचाकी त्या वेगाने हाकताना आपण दोन्ही हातांनी हँडल धरतो. इथे घोडीवर उभं राहून, मान वर करून, एका हाताने मशीन धरलेलं असतं. म्हणून वेग कमीजास्त करता येणारं मशीनच घ्यावं, बॅटरीचं असेल तर उत्तम, आणि ते पाचसहाशे फेऱ्यांच्या वर जाऊ देऊ नये. हॅमर बंद. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क.

हे सगळं जुळलं की प्रत्यक्ष कापणं काही सेकंदांचं. बिटाचं टोक खुणेवर टेकतं, आधी तेवढंच आत जातं. मग पाती कागदाला लागतात, आवाज बदलतो, पांढरी बारीक रेघ गोल उमटते. इथे घाई करून दाबायचं नाही. टोपणाची कड छताला सगळीकडून टेकलीय का बघायचं आणि मशीनला त्याच्या मर्जीने जाऊ द्यायचं. भुगा टोपणात साठत जातो. शेवटचा पाठीमागचा कागद उरला की आवाज पोकळ होतो. तेव्हा दाब अजून कमी करायचा, म्हणजे चकती फाटून न पडता कापली जाऊन टोपणात उतरते. मशीन पूर्ण थांबल्यावरच खाली आणायचं. मधलं बिट पात्यांच्याही वर जातं, आणि वर वायरी लोंबत असतात, हे विसरून चालत नाही. आधी एमसीबी खाली.

वायरीहून जास्त त्रास देतात ते पत्र्याचे चॅनेल. बोर्ड ज्यांना स्क्रूने मारलेला असतो ते साधारण दीड-दीड फुटावर असतात. पातं त्यावर आदळलं तर टोक तुटतं आणि मनगटाला हिसका बसतो. लहानसं लोहचुंबक छतावरून फिरवलं तर स्क्रूंची रांग सापडते. त्याहून सोपं म्हणजे बोर्ड चढवण्याआधी सांगाड्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवणं. तरी चॅनेल आडवा आलाच तर बरेच जण कात्रीने तो तोडून मोकळे होतात. दिवा दोन इंच सरकवावा, चॅनेल तोडू नये. पाटण-कोयनेच्या भागात तर मुळीच नाही. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप जिथे झाला आणि अजूनही अधूनमधून जमीन हलते, तिथे डोक्यावर टांगलेल्या सांगाड्याचा आधार कापणं हा निव्वळ अडाणीपणा.

सरकवायचं म्हटलं की जागेचा प्रश्न येतो. दोन दिव्यांमध्ये जेवढं अंतर, त्याच्या निम्मं भिंतीपासून ठेवलं तर उजेड सारखा पडतो. पंख्याच्या पात्यांच्या वर दिवा येता कामा नये, नाहीतर अख्ख्या खोलीत सावल्या फडफडत राहतात. अठ्ठेचाळीस इंची पंख्याच्या मध्यापासून दोन फूट ही पात्याचीच जागा झाली. दिवा त्याच्या बराच बाहेर हवा. खुणा जमिनीवर आखून ओळंब्याने वर न्याव्यात. लेझर असेल तर प्रश्नच मिटला. आणि मोजून बघा, अर्धे दिवे लागतच नाहीत. याच मुलखात माळवदाच्या घरात उजेडाला छतात एक साणं पुरायचं, रात्री कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील खुंटीला. त्या अंधाराचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण बारा बाय दहाच्या खोलीला बारा दिवे कशाला, हे कुणी विचारत नाही, कारण आराखडा करणारा आणि दिवे विकणारा कधीकधी एकच असतो.

हा कटर सगळीकडे चालत नाही. जुन्या पद्धतीच्या पीओपीत आत कोंबडी जाळी असते. पातं जाळीत अडकतं, तिथे हॅक्सॉच बरा. सिमेंटच्या जुन्या पत्र्याला तर हात लावू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असतो आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की निघत नाहीत. सांगलीच्या गावभागात, मारुती रोडला, पुराचं पाणी जिथे शिरतं तिथे तळमजल्याला जिप्समचं पार्टिशनच करू नये, मग भोकाचा प्रश्न उरत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. अशा पाण्यात मुरलेला बोर्ड वाळला तरी पुन्हा उभा राहत नाही. हिरव्या कागदाचा बोर्ड दमटपणाला टिकतो, महाबळेश्वर-पाचगणीच्या बाथरूमला ठीक, पुराला नाही. पुराच्या जागी सिमेंट बोर्ड वापरतात, आणि त्याला या कटरची साधी पाती लागू पडत नाहीत.

राहिलं चुकलेलं भोक. लहान पडलं असेल तर मोठं करायला मधल्या बिटाला टेकायला जागाच उरलेली नसते. प्लायवूडचा तुकडा भोकाच्या वरून आडवा ठेवून दोन स्क्रूंनी बोर्डाला धरायचा, मध्य त्यावर आखायचा आणि पुन्हा कापायचं. बिट त्या प्लायमध्ये धरतं. काम झाल्यावर तुकडा काढून घ्यायचा. मोठं पडलं किंवा नको तिथे पडलं तर टोपणातून निघालेली चकती कामाला येते. प्लायची पट्टी भोकातून तिरकी आत घालून दोन्ही बाजूंना स्क्रूने आवळायची, चकती तिच्यावर बसवायची, सांध्यावर जाळीची टेप आणि जॉइंटिंग कंपाउंडचे दोन हात. मधल्या बिटाचं बारीक छिद्रही त्यातच बुजतं. वाळलं की घासायचं आणि रंग मात्र पूर्ण छताला द्यायचा. नुसत्या डागावर दिला तर तो ट्यूबलाइट लावल्यावर उठून दिसतो.