हौशी बिनतारी केंद्रांची महाजालावरील नोंदवही

हौशी बिनतारी चालकाच्या टेबलावर यंत्राइतकेच महत्त्व एका वहीला असते. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या तरंगपट्ट्यावर आणि कोणत्या केंद्राशी संपर्क झाला, याची क्रमवार नोंद तीत केलेली असते. भारतातील हौशी बिनतारी सेवेसंबंधीच्या १९७८ च्या नियमांनी ही वही बांधीव असावी, सुट्या पानांची नसावी, असा दंडक घातला होता. त्यामागील हेतू उघड आहे. बांधीव वहीतील पान नाहीसे झाले किंवा दोन ओळींमध्ये नंतर मजकूर घुसडला, तर ते डोळ्यांना दिसते. वहीची विश्वसनीयता तिच्या शिवणीत असते.

या वहीची जागा आता बऱ्याच अंशी महाजालावरील नोंदवही-प्रणालींनी घेतली आहे. त्यांचे दोन प्रकार मुळातच भिन्न आहेत. क्लाउडलॉगसारखी प्रणाली चालकाने स्वतःच्या किंवा भाड्याच्या सेवासंगणकावर बसवावयाची असते; ती पीएचपी भाषेत लिहिलेली असून तिच्या नोंदी मायएसक्यूएल या माहितीकोषात साठतात. अमेरिकेतील हौशी बिनतारी संघटनेने २००३ मध्ये सुरू केलेले 'लॉगबुक ऑफ द वर्ल्ड' हे मात्र सर्वांच्या नोंदींचे मध्यवर्ती भांडार आहे. तेथे पाठविलेल्या नोंदीवर चालकाची अंकीय स्वाक्षरी लागते, आणि दोन्ही पक्षांच्या स्वतंत्र नोंदी परस्परांशी जुळल्या तरच संपर्क झाला असे मानले जाते. म्हणजे पुराव्याचा आधार शिवणीतून निघून दोन साक्षींच्या एकवाक्यतेत आला. ही एकवाक्यता कोणत्या अटींवर ठरते, हाच येथे विचारणीय प्रश्न होय.

पहिली अट वेळेची. मध्यवर्ती भांडार दोन नोंदींमध्ये तीस मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेते. सर्व नोंदी जागतिक समन्वित वेळेनुसार असाव्यात असा संकेत आहे, आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. घड्याळाकडे पाहून भारतीय वेळ टिपणाऱ्याची नोंद त्यामुळे जुळत नाही. परंतु खरी अडचण तासांची नसून तारखेची आहे. लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा भूकंप मराठवाड्याच्या स्मृतीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा आहे. वेळ ३ वाजून ५६ मिनिटे. जागतिक वेळेनुसार त्या क्षणी २९ सप्टेंबरचे २२ वाजून २६ मिनिटे झाली होती. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या प्रत्येक संपर्कास हाच न्याय लागू पडतो. अशा काळातील जुन्या वह्या संगणकात उतरविताना वेळ कोणत्या प्रमाणाची हे आधी ठरवावेच लागते. वहीत ते लिहिलेले नसल्यास नक्कल करणाऱ्याने मनाने रूपांतर करू नये, मूळ आकडा शेऱ्याच्या रकान्यात जसाच्या तसा ठेवावा. रूपांतर पुढे केव्हाही करता येते, पण पुसलेला मूळ आकडा परत मिळत नाही.

स्थळासंबंधी एक गंमत आहे. १९८० मध्ये लंडनजवळील मेडनहेड येथे स्वीकारलेल्या पद्धतीनुसार पृथ्वीचे रेखांशाचे दोन व अक्षांशाचा एक अंश अशा चौकटींत विभाजन होते. छत्रपती संभाजीनगर, जालना, पैठण आणि अहिल्यानगर ही सर्व एमके७९ या एकाच चौकटीत येतात. मात्र शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवरील वेरूळची लेणी विसाव्या अक्षांशाच्या किंचित उत्तरेस असल्यामुळे एमएल७० मध्ये पडतात. सुटीच्या दिवशी वेरूळला यंत्र नेणाऱ्याने घरचीच चौकट लिहिली, तर नोंद चुकीची ठरते. म्हणूनच प्रणालीत प्रत्येक नोंदीस केंद्रस्थान जोडावे लागते.

सर्वांत कमी लक्ष गेले आहे ते लिपीकडे. एका प्रणालीतील नोंदी दुसरीत नेण्यासाठी १९९६ पासून एडीआयएफ हे विनिमय-मानक वापरात आहे. त्याच्या प्रचलित एडीआय रूपात प्रत्येक माहितीघटकापूर्वी त्याचे नाव व त्यातील अक्षरांची संख्या लिहितात. वाचणारी प्रणाली तेवढी अक्षरे मोजून घेते आणि पुढे जाते. रोमन लिपीत हे निर्वेध चालते. 'पैठण' या शब्दाचे मात्र काय करावे? वाचकास त्यात तीन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्रा स्वतंत्र असल्यामुळे संकेतचिन्हे चार होतात. आणि यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागत असल्याने बाइट बारा भरतात. एका प्रणालीने चार ही संख्या लिहिली आणि दुसरीने चार बाइट वाचले, तर हाती येतो 'प' आणि मात्रेचा एक तृतीयांश तुकडा. या रूपाचे मानक मूळ रोमन वर्णसंचापुरतेच मर्यादित असल्याने देवनागरी मजकूर त्यात नियमबाह्यच होय. त्याच मानकाची एक्सएमएलवर आधारलेली दुसरी शाखा, एडीएक्स, ही युनिकोड स्वीकारते व नावगावासाठी वेगळे रकाने देते. तिचा वापर करणे आणि रोमन लेखनाबरोबर देवनागरी लेखनही जपणे हे मराठी चालकांच्या दृष्टीने श्रेयस्कर होय.

शिवणीचा प्रश्न तरीही उरतो. मध्यवर्ती भांडारात पाठविलेली नोंद चालकास पुसता येत नाही. दुरुस्ती ही नवी नोंद म्हणून येते. स्वतःच्या सेवासंगणकावरील कोषात मात्र जुनी ओळ बदलली तरी सामान्यतः तिची खूण मागे राहत नाही. अशा ठिकाणी बदलांची स्वतंत्र सारणी कशी राखावी, हा विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष करून पाहण्याजोगा अभ्यासविषय आहे. त्यास लागणारी सामग्री म्हणजे या प्रणालीची सर्वांस खुली असलेली मूळ आज्ञावली.