गाडी झटके देतेय? इंजिन खोलण्याआधी प्लग बघा

सकाळी डेअरीला दूध पोचवायचं असतं आणि नेमकी तेव्हाच मोटारसायकल झटके देते, चढाला दम सोडते. गॅरेजवाले याला ‘मिसिंग’ म्हणतात. अशा वेळी लगेच इंजिनचं काम काढू नका. आधी प्लग काढून बघा.

इंजिन थंड होऊ द्या. प्लगभोवतीची धूळ फुंकून घ्या, नाहीतर ती सिलेंडरमध्ये पडते. मग प्लगचं टोक बघा.

फिकट तपकिरी किंवा राखाडी : इंजिनचं जळण बरोबर आहे. दोष प्लग कॅप, वायर, कॉइल किंवा पेट्रोलमधल्या पाण्या-कचऱ्यात शोधा.

कोरडी काळी काजळी : पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर चोंदला असेल किंवा चोक ओढलेला राहिला असेल. हे दुरुस्त केलं नाही तर नवा प्लगही काळा पडणार.

काळा, तेलकट : ऑईल जळतंय. रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेले असू शकतात. मिस्त्रीला दाखवा.

पांढरा, फोड आलेला : इंजिन जास्त तापतंय. गाडी दामटू नका, पिस्टन जळू शकतो.

नवा प्लग घेताना

आट्यात बसला म्हणजे प्लग बरोबर, असं नाही. आटे जास्त लांब असतील तर टोक पिस्टनला लागू शकतं. आखूड असतील तर काजळी धरते.

प्लगवरचा आकडाही बघा. तो प्लग किती गरम राहतो ते सांगतो. एनजीके कंपनीत आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं. म्हणून कंपनी बदलताना नुसता आकडा जुळवू नका. गाडीच्या पुस्तकात दिलेला पूर्ण कोड दुकानदाराला दाखवा. गॅपही पुस्तकाप्रमाणेच ठेवा.

काही पल्सर गाड्यांना दोन, तर एनएस २०० ला तीन प्लग असतात. तिथे सगळे एकदम बदला.

बसवताना प्लग आधी हातानेच फिरवा. अडला तर जोर लावू नका, हेडचे आटे गेले तर खर्च वाढतो. हाताने पूर्ण बसल्यावर वॉशरवाला नवा प्लग पान्याने साधारण अर्धा फेरा आवळला की पुरे.

फवारणी पंप, ग्रासकटर अशा पेट्रोल यंत्रांनाही हेच लागू आहे. डिझेल ट्रॅक्टरला मात्र असा प्लग नसतो. तो मिसिंग मारत असेल तर डिझेल फिल्टर आणि लाइनमधली हवा आधी तपासा.