बल्ब सगळ्यात शेवटी

लेखमाला : रस्ता, गाडी आणि चालक / लेखांक 7

गेल्या आठवड्यात टायरमधल्या हवेचा विषय संपवला, आता दिवे. ट्रकमालकांचा दिव्यांबद्दलचा प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: रात्री नीट दिसत नाही, कोणता बल्ब टाकू? दुकानदाराकडेही उत्तर तयार असतं. शंभर वॅटचा घ्या, नाहीतर एलईडी घ्या. मी या लेखात बल्बपर्यंत येणार आहे, पण सगळ्यात शेवटी. गाडीवर काम करतानाही क्रम हाच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

रस्ता डोळ्यांसमोर असावा म्हणून येरमाळा घेऊ. धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातलं, येडेश्वरीचं गाव. सोलापूरहून बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग इथून जातो. जुन्या लोकांच्या तोंडी अजून तो 211 आहे, कागदावर आता 52. बार्शी-कळंब रस्ताही याच गावातून जातो. त्यामुळे एकाच रात्रीत एकाच चालकाला दोन तऱ्हेचे रस्ते भेटतात. चौपदरी महामार्गावर मध्ये दुभाजक असतो, समोरच्या गाडीचा उजेड बराच अडतो, वेग मात्र वाढतो. महामार्ग सोडून आतल्या एखाद्या दुभाजक नसलेल्या रस्त्याला लागलं की समोरचा फोकस थेट डोळ्यांत. त्यात दिवाळी झाली की उसाचा हंगाम. बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या, मोळ्या बाहेर आल्यामुळे झाकलेले टेललाईट. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला रस्त्याच्या कडेनं माणसं चालत असतात, आणि नवरात्रात व कोजागरीला तुळजापूरची वाट धरलेले भाविकही. त्यांच्या अंगावर चमकणारं काहीही नसतं.

आता हिशेब. ताशी 60 किलोमीटर वेगानं ट्रक एका सेकंदात साधारण 17 मीटर जातो. समोर काही दिसलं, ते काय आहे हे कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात दोन सेकंद सहज जातात. म्हणजे 33 मीटर संपले. भरलेली गाडी चांगल्या ब्रेकवर, कोरड्या रस्त्यावर थांबायला पुढं आणखी 30-35 मीटर घेते. एकूण 65-70 मीटर. वेग 80 केला की हाच आकडा शंभरच्या पुढं जातो. आणि डिपरवर गडद कपड्यातला माणूस किंवा मातीनं माखलेली ट्रॉली अनेकदा 50-60 मीटरच्या आत आल्यावरच ओळखू येते. म्हणजे डिपरवर 80 नं जाणारा चालक दिसण्याच्या पलीकडं गाडी चालवत असतो. हे वाक्य घाबरवायला लिहिलेलं नाही. उजेड किती वाढवायला हवा आणि बल्बच्या खोक्यावरच्या आकड्यानं किती वाढतो, हे ताडून बघायला ते लागेल.

कारण उजेड अंतराबरोबर फार झपाट्यानं विरतो. दुप्पट लांबच्या वस्तूवर तेवढाच उजेड पडायला चौपट प्रकाश लागतो. म्हणून बल्ब 30 टक्के जास्त तेजस्वी असला तरी नजर 30 टक्के पुढं जात नाही, जेमतेम 14 टक्के जाते. 50 मीटरचे 57 मीटर. तेही फायद्याचेच, सात मीटरमध्ये माणूस वाचतो. पण बहुतेक जुन्या गाड्यांमध्ये याहून जास्त उजेड वायरिंगमध्येच मुरलेला असतो, आणि तो परत मिळवायला नवा बल्ब लागत नाही.

मोठ्या ट्रकची यंत्रणा 24 व्होल्टची. इंजिन चालू असताना अल्टरनेटर साधारण 28 व्होल्ट देतो. या गाड्यांमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेला बल्ब म्हणजे एच-4, अप्परला 75 वॅट आणि डिपरला 70. एकाच काचेत दोन तारा: अप्परची उघडी, डिपरच्या तारेखाली छोटी धातूची वाटी. बल्बला पूर्ण 28 व्होल्ट मिळाले तर डिपरची तार सुमारे 1200 ल्युमेन उजेड देते, अप्परची 1900. खरी गोम ‘मिळाले तर’ या दोन शब्दांत आहे. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगानं पडतो. 28 च्या जागी होल्डरवर 25 व्होल्ट पोचले, म्हणजे दहा-अकरा टक्के कमी, तर उजेड जवळपास एक तृतीयांश जातो. 24 पोचले तर चाळीस टक्के. डीपीपासून लांबच्या शेतात मोटर कण्हत चालते आणि पाणी बोटभर येतं, तशीच ही गत आहे. दोष मोटरचा नसतो, लाईन लांब आणि बारीक असते.

हे तीन व्होल्ट जातात कुठं? हेडलाईटचा सगळा करंट जुन्या गाडीत बॅटरीकडून केबिनमधल्या स्विचपर्यंत, तिथून डिपरच्या स्विचला, तिथून पुन्हा पुढं दिव्यापर्यंत असा फिरून जातो. वाटेत कपलर, फ्यूज, चार ठिकाणी पिळून टेप मारलेले जोड, आणि शेवटी बॉडीला गंजलेल्या स्क्रूनं लावलेला अर्थ. दोन्ही दिवे मिळून साधारण 6 अँपिअर घेतात. या सगळ्या वाटेचा विरोध मिळून अर्धा ओहम जरी झाला तरी 3 व्होल्ट वाटेतच संपतात. वायर करंट खाते म्हणतात ते हेच. खाल्लेलं मग उष्णता होऊन बाहेर पडतं, 18 वॅटच्या आसपास. डिपरचा स्विच हाताला गरम का लागतो, होल्डरचं प्लास्टिक पिवळं पडून ठिसूळ का होतं, याचं उत्तर इथं आहे.

आता अशाच वायरिंगवर शंभर वॅटचा बल्ब लावा. करंट 8 अँपिअरच्या घरात जातो. त्याच अर्ध्या ओहममध्ये आता 3 ऐवजी 4 व्होल्ट जातात आणि वायर-स्विचमधली उष्णता 18 वरून 32 वॅटवर, जवळजवळ दुप्पट. बल्ब मोठा, पण त्याच्या वाट्याला येणारा दाब आणखी कमी. अपेक्षेच्या मानानं उजेड थोडाच वाढतो, होल्डर मात्र वितळतो, रिफ्लेक्टरची चकाकी करपते, आणि एखाद्या रात्री दोन्ही दिवे एकदम जातात. घाटाच्या उतारावर दोन्ही दिवे जाणं काय असतं, हे चालकाला सांगावं लागत नाही. फ्यूज उडतो म्हणून तिथं तार गुंडाळणारे आहेत. ते तर गाडीला आग लावण्याचं सामान आहे. जास्त वॅटचा बल्ब हा उपाय मी कुणालाही सुचवणार नाही.

तपासणी कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात दहा मिनिटांत होते. इंजिन चालू ठेवा, दिवे चालू ठेवा. मल्टिमीटरनं आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा. मग हेडलाईटच्या मागच्या होल्डरवर, बल्ब जोडलेला आणि पेटलेला असतानाच, पुन्हा बघा. बल्ब काढून मोजलं तर मीटर पूर्ण 28 दाखवील आणि फसवील. करंट वाहत नसेल तर व्होल्टेज पडतच नाही. दोन आकड्यांत अर्ध्या-एक व्होल्टचा फरक चालेल. दोनच्या पुढं गेला तर बल्बच्या दुकानात जायची गरज नाही. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी होल्डरच्या अर्थच्या पिनेला लावा. तिथं व्होल्टभर जरी दिसला तरी अर्थ खराब आहे. माझ्या मते जुन्या ट्रकमध्ये पहिला संशय अर्थवरच घ्यावा. स्क्रू काढून खालचा रंग-गंज खरवडून, जाड वायर थेट चासीला घट्ट बसवली की काही गाड्यांचा फोकस तिथल्या तिथं पांढरा पडतो.

उरलेल्या फरकाला रिले. बॅटरीपासून फ्यूज लावून अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर सरळ पुढं आणायची, दिव्यांजवळ अप्परला एक आणि डिपरला एक असे दोन रिले बसवायचे, आणि केबिनमधल्या स्विचनं फक्त रिले ओढायचा. रिलेच्या कॉइलला अगदी थोडा करंट पुरतो, त्यामुळे स्विच थंड राहतो आणि बल्बचा करंट आखूड, जाड वाटेनं जातो. रिले 24 व्होल्टचाच हवा. छोटा हत्ती किंवा पिकअपसाठीचा 12 व्होल्टचा ट्रकला लावला तर कॉइल जळते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, नाहीतर मधल्या वायरीला राखणच नाही. नव्या गाड्यांमध्ये रिले कंपनीतूनच असतात. तिथं नुसते जोड आणि अर्थ बघावेत.

वीज पोचली तरी उजेड रस्त्यावर आणायचं काम रिफ्लेक्टर आणि काचेचं. डूमच्या आत पाणी शिरून रिफ्लेक्टरची चांदी उडाली असेल तर कोणताही बल्ब त्याला वाचवत नाही. फडक्यानं आतून घासू तर मुळीच नका, उरलेला थरही निघतो. डूम बदला. बदलताना एक गोष्ट बघा: आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या दिव्याचा डिपर डाव्या कडेला थोडा वर चढतो आणि उजवीकडं सपाट कापलेला असतो. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीचा डूम स्वस्तात मिळाला तर तो आपल्या रस्त्याची कड अंधारात ठेवतो आणि समोरच्याला आंधळं करतो. काच प्लास्टिकची असून पिवळी, धुरकट झाली असेल तर पॉलिश करून काही महिने निघतात. आणि विंडस्क्रीनची आतली बाजू पुसा. धूळ, बिडीचा धूर, डॅशबोर्डची वाफ यांचा थर दिवसा दिसतही नाही. रात्री समोरून दिवा आला की सगळी काच पांढरी होते.

मग फोकस. रात्री पेट्रोल पंपाच्या किंवा गोदामाच्या सपाट भिंतीसमोर, सपाट जमिनीवर, दहा मीटरवर गाडी उभी करा. जमिनीपासून हेडलाईटच्या मध्यापर्यंतची उंची मोजून तेवढ्यावर भिंतीला खडूनं आडवी रेघ मारा. डिपर लावल्यावर उजेडाची वरची कड त्या रेघेच्या 10 ते 15 सेंटीमीटर खाली हवी. दिवे मीटरभराहून उंच असले तर आणखी थोडी खाली. रेघेच्या वर गेली तर समोरच्याच्या डोळ्यांत, फार खाली आली तर तुमचाच रस्ता आखूड. माल मागं जास्त भरला की मागचे पाटे दबतात, नाक वर उचललं जातं आणि रिकाम्या गाडीला बरोबर लावलेला फोकस झाडांच्या शेंड्यांवर जातो. म्हणून गाडी ज्या भारावर जास्त चालते त्या भारावर फोकस लावावा. पूर्वी हेडलाईटच्या काचेवर काळा ठिपका रंगवायला लावत, तो समोरच्याच्या डोळ्यांसाठीच. पण ठिपक्यानं चुकीचा फोकस दुरुस्त होत नाही. 1989 चे केंद्रीय मोटार वाहन नियमही दिव्याचा झोत समोरच्याला दिपवणार नाही इतका खाली असावा, असंच सांगतात.

एवढं झाल्यावर बल्ब. मान्यताप्राप्त, नावाजलेल्या कंपनीचा, 24 व्होल्टचा, 75/70 वॅटचाच घ्या, आणि दोन्ही बाजूंचा एकदम बदला. जुन्या हॅलोजनची काच हळूहळू काळवंडते आणि उजेड कमी होतो, हे रोज बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ‘जास्त उजेड’ म्हणून मिळणाऱ्या हॅलोजनमध्ये तार बारीक आणि जास्त तापवलेली असते, म्हणून ती लवकर तुटते. खड्ड्यांच्या रस्त्यावर तर आणखी लवकर. घेतलाच तर एक साधा जोड केबिनमध्ये ठेवा. निळसर काचेचा घेऊ नका, निळा रंग उजेड अडवतो आणि धुक्यात-धुळीत समोर पांढरी भिंत उभी करतो. बसवताना काचेला बोट लावू नका. हॅलोजनची काच शेकडो अंश तापते, बोटाचं तेल तिथं करपून काच त्याच जागी कमजोर होते.

एलईडीचं आकर्षण मला समजतं. करंट कमी, उजेड पांढरा, आयुष्य लांब. कंपनीनंच एलईडीचा पूर्ण दिवा दिला असेल तर तो उत्तमच. त्याचा रिफ्लेक्टर, भिंग सगळं एलईडीसाठीच आखलेलं असतं. प्रश्न आहे जुन्या हॅलोजनच्या डूममध्ये घुसवलेल्या एलईडी बल्बचा. हॅलोजनची तार म्हणजे काही मिलिमीटरची बारीक नळी, आणि सगळा रिफ्लेक्टर त्या एका जागेभोवती बेतलेला. एलईडीच्या चपट्या चिप दोन बाजूंना बसतात. उगमाची जागा मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकली की झोताची कड विस्कटते. गाडीच्या पुढं दहा-वीस मीटर रस्ता लख्ख उजळतो, चालक खूश होतो. पण जवळचा उजेड वाढला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी दाट होतो. समोरून येणाऱ्याचं काय होतं ते त्यालाच विचारा. दिपलेले डोळे सावरायला काही सेकंद लागतात, आणि 60 च्या वेगात तेवढ्यात पन्नास मीटर रस्ता न बघता पार होतो. साठीतल्या चालकाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या मानानं सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. त्याला हा त्रास सगळ्यात जास्त. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर रात्रीचा दिवा सूर्यासारखा फुटतो, त्यावर बल्ब हा इलाज नाही, डोळ्यांचा डॉक्टर आहे.

नवा बल्ब बसवला की गाडी पुन्हा त्या खडूच्या रेघेसमोर उभी करा. बल्ब होल्डरमध्ये जरा तिरका बसला तरी कड हलते.

पुढच्या आठवड्यात गाडीची मागची बाजू: टेललाईट, ब्रेकलाईट आणि उसाच्या ट्रॉलीवर लावायची लाल परावर्तक पट्टी. ती कशी काम करते आणि मळली की का करत नाही, ते बघू.