सहरीचा डफ, पहाटेच्या चिपळ्या

रमजानमध्ये मंगळवार पेठेची रात्र लवकर सरते. मिरजकर तिकटी, खासबाग, नंगीवली चौक इथली वर्दळ थांबून दोन-तीन तास होतात न होतात, तोच काही घरांतून दिवे लागतात. तवा तापतो, चहाला आधण चढते, पोरांना हलवून उठवले जाते. सहरीसाठी आता बहुतेकांना जाग येते ती उशाजवळच्या मोबाइलच्या गजराने. जुन्या माणसांच्या आठवणीत मात्र ही वेळ घेऊन येतो तो फकीर. एका हातात डफ, खांद्यावर झोळी, ओठांवर नात किंवा हम्द. दारापुढे थांबून तो घरच्या कर्त्या माणसाचे नाव घ्यायचा आणि आतून ओ आल्याशिवाय पुढे सरकायचा नाही.

तो गल्ली ओलांडून गेला की अजान व्हायची, कुठे काकडा सुरू व्हायचा आणि दिवस फुटताना त्याच गल्लीत दुसरा गाणारा शिरायचा, तो वासुदेव. मोरपिसांची टोपी, पायघोळ अंगरखा, हातात चिपळ्या आणि टाळ, कमरेला पावा. एक रोज्यासाठी उठवणारा, दुसरा देवाच्या नावासाठी. एकाची बोली दखनी उर्दू, दुसऱ्याची मराठी. व्यवसाय मात्र एकच, झोपलेल्या वस्तीला गाण्याने जागे करणे. वासुदेवाला सुपातले पसाभर धान्य मिळायचे आणि फकिराला ईदच्या दिवशी फित्रा, ईदी, एखादा नवा कपडा. संत एकनाथांनी हे दोघेही पाहिले होते. त्यांच्या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी येतात, तसा फकीरही येतो.

कैरो, इस्तंबूल, ढाका

हा व्यवसाय एकट्या दख्खनचा नाही. कैरोच्या जुन्या मोहल्ल्यांत त्याला मुसहराती म्हणतात. ‘सहर’ म्हणजे पहाट, त्यावरूनच सहरी आणि मुसहराती हे दोन्ही शब्द आले. त्याच्या हातात तळव्याएवढे छोटे ढोलके आणि ते वाजवायला चामड्याची पट्टी असते. तोही घरोघरचे लोक नावानिशी पुकारतो. आपले नाव घ्यावे म्हणून लहान मुले खिडकीत वाट पाहत बसतात. 1960 च्या दशकात कवी फुआद हद्दाद यांनी या मुसहरातीवर कवने रचली आणि सय्यद मेक्कावी या अंध गायक-संगीतकाराने ती आकाशवाणीवरून गायली. गल्लीतला गाणारा घराघरांतल्या रेडिओवर पोहोचला. मात्र रेडिओला ऐकणाऱ्याचे नाव ठाऊक नव्हते.

इस्तंबूलमध्ये हे काम ढोलवाला करतो. खांद्याला अडकवलेला मोठा ‘दावुल’, एका बाजूला जाड दांडा, दुसऱ्या बाजूला बारीक काठी आणि सोबत चार ओळींची ‘मानी’ नावाची पदे. कोल्हापूरच्या माणसाला ढोल-सनई आठवावी असेच हे वाद्य आहे, कारण लग्नाकार्यात त्याच्या जोडीला सनईच्याच कुळातली ‘झुर्ना’ असते. शहरांत गाढ झोपेत ढोल नको अशा तक्रारी तिथेही होतात. त्यावर तिथे निघालेली वाट व्यवहाराची आहे. मोहल्ल्याचा ‘मुहतार’, म्हणजे आपल्याकडचा मुखत्यार, आणि पालिका मिळून ढोलवाल्यांना परवाना आणि ओळखपत्र देतात. रमजानमध्ये तो दारोदार जाऊन ‘बहशिश’ मागतो. हा शब्दही आपल्या बक्षिसीचाच भाऊ. परवान्यामुळे दार उघडणाऱ्याला कळते की हा आपल्याच मोहल्ल्याचा वादक.

जुन्या ढाक्यात टोळ्या करून ‘कसिदा’ गात लोकांना उठवण्याची रीत होती. मोहल्ल्याचे सरदार तिला आश्रय देत. पुढे सरदारकी मावळली आणि कसिदा गल्लीतून स्पर्धेच्या मंचावर गेला. तिथे गळा टिकला, पण पहाटेची फेरी विरळ झाली.

गाणारा की भिकारी?

या तीन शहरांच्या शेजारी मंगळवार पेठ ठेवली की एक गोष्ट खटकते. 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने भीक मागण्याची जी व्याख्या केली, तीत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे अशा निमित्ताने दान घेणेही धरले आहे आणि दान मागण्यासाठी खासगी जागेत शिरणेही. म्हणजे वासुदेव काय, सहरीचा फकीर काय, कायद्याच्या शब्दांत दोघेही भिकारी. हाच कायदा दिल्लीला लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्यातली मुख्य कलमे रद्द केली. पहाटे गाणाऱ्याला एक शहर ओळखपत्र देते आणि दुसरीकडे तो गुन्हेगार ठरू शकतो.

कोल्हापूरने लोककलेला पाठ दाखवली असे मात्र म्हणता येत नाही. 1912 साली उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानात आजही कुस्ती रंगते ती हलगी, घुमके आणि कैताळाच्या कडकडाटात. शाहिरीत लहरी हैदर आणि पिराजीराव सरनाईक ही नावे इथे एका दमात घेतली जातात. ‘शाहीर’ हा शब्द अरबी ‘शायर’वरून आला आणि त्याच्या हातातला डफही फकिराच्या हातात असतो तोच. शाहिराला मैदान मिळाले, तालमींचा आधार मिळाला, उत्सवात मान मिळाला. पहाटे फिरणाऱ्याला यातले काही मिळाले नाही, कारण त्याची कला गर्दीपुढे उभी राहत नाही. तिला एकच दार आणि त्यामागचा एक झोपलेला माणूस लागतो.

पेठेतली ती दारेही आता कमी झाली आहेत. वाड्यांच्या जागी अपार्टमेंट आली, खाली फाटक आणि रखवालदार आला. वासुदेवाला तिसऱ्या मजल्यावर कोण राहते हे कळण्याची सोय नाही. फकिराने रात्री तीन वाजता डफ वाजवला तर शेजारच्या आजाऱ्याची झोप मोडते, हेही खरेच. वेळ सांगायला गजर पुरेसा आहे आणि गजराला फित्रा द्यावा लागत नाही.

पण ईदच्या सकाळी नमाजहून परतताना शिरखुर्म्याच्या वासाने भरलेल्या गल्लीत एखादा झोळीवाला अजून दिसतो. दिवाळीच्या दिवसांत एखादा वासुदेवही येतो. बहुतेक घरांतून त्यांच्या हातावर नाणे पडते आणि दार लागते. पूर्वी गाणाऱ्याला घरातल्यांची नावे ठाऊक असत. नाणे देताना त्याचे नाव आणि गाव विचारायला फारसा वेळ लागत नाही. जमले तर एक पद पुरते ऐकून घ्यावे.