प्रेमानंद गज्वी यांचे नाट्यलेखन : सामाजिक जाणिवेचे स्वरूप आणि 'गांधी-आंबेडकर'चे अध्यापन

प्रस्तावना

मराठी नाटकाच्या संदर्भात 'सामाजिक' हे विशेषण फार सैलपणे वापरले जाते. देवलांच्या 'संगीत शारदा'पासून (१८९९) मामा वरेरकरांच्या नाटकांपर्यंत आणि तेथून तेंडुलकरांपर्यंत सर्वांना ते लावले गेले आहे. यांतील बहुतेक नाटककारांनी समाजाचा विचार केला तो मध्यमवर्गीय घराच्या ओट्यावरून. विहिरीच्या काठावरून, स्मशानाच्या वाटेवरून किंवा मालकाच्या शेतावरून समाजाकडे पाहिले म्हणजे नाटकाचा विषयच नव्हे, तर त्याची घडणही बदलते. प्रेमानंद गज्वी यांच्या नाटकांचा अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात त्यांच्या नाट्यलेखनाच्या वाटचालीचा परामर्श घ्यावयाचा असून 'गांधी-आंबेडकर' या नाटकाचा विचार वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालयीन अध्यापनाच्या अंगाने थोडा विस्ताराने करावयाचा आहे.

पार्श्वभूमी

गज्वी यांचा जन्म १९४७ सालचा, चंद्रपूर जिल्ह्यातील. हा परिसर झाडीपट्टीचा. भाताची कापणी झाली की येथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडई, शंकरपट यांच्या निमित्ताने रात्रभर चालणारे प्रयोग, दंडारीसारखा लोकप्रकार आणि हजारोंचा प्रेक्षक ही या भागाची ओळख आहे. पुण्या-मुंबईच्या नाट्येतिहासकारांनी या रंगभूमीकडे बराच काळ दुर्लक्ष केले, हे येथे नमूद केले पाहिजे. गज्वी यांची नाटके झाडीपट्टीच्या वळणाची नाहीत. त्यांची कर्मभूमी मुंबई राहिली. नाटक सर्वसामान्य माणसाला कळले पाहिजे, हा त्यांच्या लेखनातील आग्रह मात्र या मातीला परका नाही.

दुसरी पार्श्वभूमी आंबेडकरी रंगभूमीची होय. विदर्भात किसन फागुजी बनसोडे यांच्या पिढीने जलसे, पोवाडे आणि नाटक यांचा प्रबोधनासाठी उपयोग केला होता. पुढे म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक १९५६ साली नागपूरच्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या वेळी सादर झाले. दलित रंगभूमीचा आरंभबिंदू म्हणून त्याचा उल्लेख वारंवार केला जातो. १९७२ साली दलित पँथरची स्थापना झाली आणि सत्तरच्या दशकात कविता व आत्मकथन यांनी मराठी साहित्याचा चेहरा पालटला. नाटक त्या मानाने मागे होते. कविता एकट्याने लिहिता येते आणि चार पानी अनियतकालिकात छापता येते. नाटकाला तालमीची जागा, नट, पैसा, परवाना आणि तिकीट काढणारा प्रेक्षक लागतो. ही साधनेच ज्यांच्यापाशी नव्हती, त्यांनी प्रथम एकांकिकेचा आश्रय घेतला, हे स्वाभाविकच होते.

'घोटभर पाणी' ते 'किरवंत'

'घोटभर पाणी' (१९७७) ही गज्वी यांची एकांकिका त्यांच्या कीर्तीचा पाया ठरली. विषय अगदी थोडक्यात सांगता येतो : पाणी आणि ते नाकारणारा समाज. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जो प्रश्न विचारला गेला, तो पन्नास वर्षांनंतरही शिल्लक होता, ही या एकांकिकेमागील अस्वस्थता. मोजकी पात्रे आणि जवळजवळ मोकळा रंगमंच यांमुळे ती स्पर्धेत, वस्तीत, महाविद्यालयाच्या सभागृहात कोठेही करता आली. अनेक भारतीय भाषांत ती गेली. तिच्या यशाचे श्रेय केवळ विषयाला देणे योग्य होणार नाही. साधनांच्या टंचाईतून तिचा आकार घडला आणि तो आकारच तिचे बळ ठरला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

'देवनवरी' (१९८१) हे नाटक देवदासी प्रथेवर आहे. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ सालीच झाला होता. तथापि प्रथा कायद्याने संपली नव्हती. 'तन-माजोरी' (१९८५) ग्रामीण भागातील वेठबिगारी व श्रमाच्या शोषणाचा प्रश्न हाताळते. या दोन्ही नाटकांत शोषक आणि शोषित यांच्यातील रेषा ठळक आहे.

'किरवंत' (१९९१) या नाटकात ती रेषा विस्कटते. किरवंत म्हणजे अंत्यविधी करणारा ब्राह्मण. मृताला गती मिळावी म्हणून ज्याला सन्मानाने बोलावयाचे, त्याच्याच घरी पाणी घ्यावयाचे नाही, त्याच्याशी सोयरीक करावयाची नाही, त्याचे दर्शन अशुभ मानावयाचे, अशी ही विसंगती. दलित समाजातून आलेल्या लेखकाने ब्राह्मण जातीतील अस्पृश्यतेवर नाटक लिहिणे ही मराठीत अपूर्व घटना होती. डॉ. श्रीराम लागू यांनी हे नाटक रंगमंचावर आणल्याने त्याची चर्चा नाट्यवर्तुळाबाहेरही झाली. या नाटकातील किरवंताची परंपरेवर श्रद्धा आहे. जी व्यवस्था त्याला अपमानित करते, तिचेच मंत्र तो मनापासून म्हणतो. विषमतेचे बळी विषमतेचे वाहकही असतात, हे आंबेडकरांनी श्रेणीबद्ध विषमतेच्या विवेचनात मांडलेले सूत्र येथे एका कुटुंबाच्या दुःखातून प्रकट होते. माझ्या मते गज्वी यांचे हे सर्वांत समर्थ नाटक होय. विचाराची बाजू अन्य नाटकांत अधिक स्पष्ट असेल. पण माणूस येथे अधिक जिवंत आहे.

'दलित नाटककार' या संज्ञेचा प्रश्न

'किरवंत'मुळे अभ्यासक्रमाची एक अडचण उघडी पडते. 'दलित रंगभूमी' या घटकात 'घोटभर पाणी' सहज बसते. 'किरवंत' कोठे बसवावे? लेखकाच्या जातीवरून की नाटकाच्या विषयावरून वर्गीकरण करावे? गज्वी यांनी स्वतः 'दलित' या शिक्क्यात बंदिस्त होण्यास नकार दिला आहे. नव्या शतकाच्या आरंभी त्यांनी 'बोधी रंगभूमी'ची कल्पना मांडली आणि बोधी नाट्य परिषदेच्या माध्यमातून नाट्यलेखन कार्यशाळांचा उपक्रम चालविला. 'कलेसाठी कला' आणि 'जीवनासाठी कला' या जुन्या वादाला त्यांनी 'ज्ञानासाठी कला' हा तिसरा पर्याय दिला. ही संकल्पना सिद्धांत म्हणून पुरेशी काटेकोर आहे काय, याविषयी मतभेद होऊ शकतात. ज्ञान म्हणजे माहिती, विवेक की बुद्धप्रणीत बोध, हे प्रत्येक वेळी स्पष्ट होत नाही.

येथे अमेरिकन नाटककार ऑगस्ट विल्सन (१९४५–२००५) यांच्याशी तुलना उद्बोधक ठरते. विसाव्या शतकाच्या प्रत्येक दशकावर एक याप्रमाणे दहा नाटकांची मालिका लिहून त्यांनी कृष्णवर्णीयांचे जीवन रंगभूमीवर आणले. १९९६ साली केलेल्या एका गाजलेल्या भाषणात त्यांनी कृष्णवर्णीय रंगभूमी स्वतंत्र असली पाहिजे, तिला स्वतःच्या संस्था व साधने हवीत, असा आग्रह धरला. गज्वी यांची दिशा नेमकी उलट दिसते : वेगळी चूल मांडण्याऐवजी मुख्य दिवाणखान्यावरच हक्क सांगणे. दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरकडून नाव घेतले म्हणून दोन्हीकडील नाटककारांचे मार्गही सारखे असतील, असे गृहीत धरणे अभ्यासकाला महागात पडू शकते. नागपूर येथे फेब्रुवारी २०१९ मध्ये भरलेल्या ९९ व्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्षपद गज्वी यांच्याकडे आले, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे.

'गांधी-आंबेडकर' आणि वर्धा

'गांधी-आंबेडकर' (१९९७) हे नाटक चेतन दातार यांनी दिग्दर्शित केले. दोन महापुरुष आणि त्यांच्यामध्ये एक विदूषक अशी त्याची रचना आहे. हे घटनाप्रधान चरित्रनाट्य नव्हे. दोन भूमिकांचा संघर्ष हेच त्याचे कथानक आहे. त्यामुळे हे नाटक आहे की संवादरूप निबंध, असा आक्षेप घेता येतो आणि तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु विदूषक या पात्रामुळे नाटक त्या धोक्यातून बऱ्याच अंशी सुटते. संस्कृत नाटकातील विदूषक राजाचा मित्र असतो आणि तरीही त्याला चार शब्द सुनावू शकतो. येथील विदूषक दोघांनाही प्रश्न विचारतो. दोन्ही नेत्यांभोवती पूजेचे कडे निर्माण झालेल्या समाजात हे स्वातंत्र्य तिसऱ्याच कोणाला तरी द्यावे लागते, हे लेखकाने ओळखले.

वर्धा जिल्ह्यातील वाचकाला हा वाद दूरचा नाही. जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली अस्पृश्यांसाठी खुले केले. मंदिरप्रवेश हा सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाचा मार्ग की मूळ प्रश्नावरून लक्ष हटविणारा उपाय, हा गांधी आणि आंबेडकर यांच्यातील मतभेदाचा एक गाभा आहे. १९३२ सालच्या पुणे करारानंतर गांधी १९३४ मध्ये वर्ध्याला आणि १९३६ मध्ये सेगावला राहावयास आले. त्याच वर्षी आंबेडकर वालचंद हिराचंद यांच्यासह त्यांना सेगावला भेटले. त्याच वर्षी, लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने रद्द केलेले आपले भाषण आंबेडकरांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' म्हणून मराठी वाचकाला परिचित असलेल्या पुस्तकरूपाने इंग्रजीत प्रसिद्ध केले आणि गांधींनी 'हरिजन' साप्ताहिकातून त्यास उत्तर दिले. आंबेडकरांचे प्रत्युत्तर १९३७ च्या आवृत्तीत आहे. सेगावचे 'सेवाग्राम' हे नामांतर १९४० चे. म्हणजे नाटकातील वादाचा एक मोठा भाग आपल्या विद्यार्थ्यांच्या गावापासून काही मैलांवर घडला आहे.

तरीही वर्गात हे नाटक शिकविताना अडखळावयास होते. वर्गातील एक विद्यार्थी शाळेच्या सहलीतून सेवाग्रामची बापूकुटी पाहून आलेला असतो, दुसरा दरवर्षी आईवडिलांबरोबर दीक्षाभूमीवर जातो. दोन्ही स्थळांत जेमतेम पाऊणशे किलोमीटरचे अंतर आहे. पण दोघांच्या घरांतील भिंतीवरच्या तसबिरी वेगळ्या. अशा वेळी 'दोघेही थोरच होते' असे म्हणून प्राध्यापक सुटका करून घेतो. नाटक त्या सुटकेला मुभा देत नाही. स्वतंत्र मतदारसंघाचा प्रश्न, वर्णव्यवस्थेविषयीची भूमिका, धर्मांतर यांवर येथे नेमके मतभेद आहेत आणि ते नेमकेपणानेच समजावून द्यावे लागतात. गांधींची भूमिका स्थिर नव्हती, आंतरजातीय विवाहाविषयीचे त्यांचे मत आरंभी एक होते आणि अखेरच्या वर्षांत दुसरे झाले, हेही सांगावे लागते. अन्यथा आंबेडकर समर्थक विद्यार्थी अर्धेच गांधी वाचतो आणि गांधी समर्थक विद्यार्थी आंबेडकर वाचतच नाही.

यासाठी एक पद्धत सुचवावीशी वाटते. नाटकापूर्वी १९३६-३७ मधील तीन मजकूर, म्हणजे आंबेडकरांचे भाषण, 'हरिजन'मधील गांधींचे उत्तर आणि आंबेडकरांचे प्रत्युत्तर, विद्यार्थ्यांकडून मराठी अनुवादात वाचून घ्यावेत. त्यानंतर नाटकाचे अभिवाचन करावे आणि भूमिका उलटसुलट वाटाव्यात : दीक्षाभूमीवर जाणाऱ्याने गांधींचे संवाद वाचावेत, सेवाग्राम पाहून आलेल्याने आंबेडकरांचे. भूमिका वाचताना विरोधी युक्तिवाद निदान पूर्ण वाक्यात उच्चारावा लागतो. चर्चासत्रात तेवढेही होत नाही. विदूषकाची भूमिका वर्गातील विनोदी मुलाला देण्याचा मोह टाळावा. ती ज्याने तिन्ही मजकूर सर्वांत बारकाईने वाचले असतील त्यालाच द्यावी, कारण या नाटकात हसे कोठे पिकवावयाचे आणि कोठे थांबावयाचे हे त्या वाचनावरच अवलंबून आहे.